मार्ग मोकळा

१

मावशीने एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली आणि तेवढ्या काळात एका पोराला साधं खरचटलंही नाही. मग पाठीने दगा दिला. डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं, तेव्हा आता घरात बसून भिंती मोजायच्या, असं तिने मनाशी धरलं होतं. पण त्याच सुमारास शहरात बिनड्रायव्हरच्या, विजेवरच्या गाड्या आल्या आणि त्या चालवणाऱ्या कंपनीला रस्त्यावर उन्हाळे-पावसाळे काढलेली माणसं हवी होती. चालवायला नव्हे, नजर ठेवायला.

चौथ्या मजल्यावरची ती खोली थंडगार होती. पडद्यांवर उजेडाची तिरीप येऊ नये म्हणून खिडक्या कायम झाकलेल्या. प्रत्येक टेबलावर एक मोठा पडदा, त्यावर बारा चित्रं. बारा चित्रं म्हणजे बारा गाड्या. पांढऱ्याशुभ्र, आवाज नाही, धूर नाही, म्हणून खोलीतले सगळे त्यांना बगळे म्हणायचे.

बगळे आपले आपण चालायचे. एखाद्याला संशय आला, म्हणजे रस्त्यात उडती पिशवी आली, सावली हलली, तर तो थांबायचा आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरात विचारायचा, ‘पुढे कोणी आहे का?’ खाली दोन बटणं. ‘पादचारी आहे’ आणि ‘मार्ग मोकळा’. मावशी एक नजर टाकायची आणि चार सेकंदांत दुसरं बटण दाबायची. दिवसाला साठ-सत्तर वेळा.

“आपण यांच्या आया,” शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणायचा. “पोरगं विचारतं, आई जाऊ का? आपण म्हणायचं, जा बाळा.”

तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका शहरात असल्याच एका गाडीखाली रस्ता ओलांडणारा माणूस गेला होता. त्यानंतर पंधरा दिवस टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. त्याचा फोटो, त्याची बायको, त्याची रिकामी खुर्ची. तेव्हापासून खोलीत एक नवा नियम भिंतीवर लागला होता: देखरेख करणाऱ्याने ‘पादचारी आहे’ म्हटलं, तर त्याच्यावर कोणाचाही शब्द चालणार नाही. शिफ्टप्रमुखाचाही नाही.

आणि तेव्हापासून लोक बगळ्यांकडे बघायला लागले होते. बगळा थांबला की मोबाइल वर व्हायचे.

२

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सात नंबरचा बगळा पाण्याच्या टाकीजवळच्या रस्त्यावर थांबला.

त्या रस्त्याची अर्धी बाजू पाइप घालायला खणली होती. उरलेल्या अर्ध्यात एका वेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. मावशीने चित्र मोठं केलं. समोर कोणी नव्हतं. डावीकडे फूटपाथ, उजवीकडे पत्र्याचं कुंपण, मध्ये रिकामं डांबर.

पण त्या डांबरावर गुलाबी चौकट उभी होती.

बगळ्याला माणूस दिसला की तो त्याच्याभोवती अशी चौकट काढायचा. ही चौकट फूटपाथच्या कडेला होती, मावशीच्या खांद्याला लागेल एवढी उंच. आत काही नाही. चौकटीतून पलीकडचा विजेचा खांब स्वच्छ दिसत होता.

तिने ‘मार्ग मोकळा’ दाबलं. बगळा हलला. चौकट विझली. आणि चित्राच्या खालच्या पट्टीत दोन शब्द उमटले, ‘हलका धक्का’.

यात विशेष काही नव्हतं. खड्डे कळावेत म्हणून गाड्या रस्त्याचा प्रत्येक धक्का नोंदवत. मावशीने सवयीने मागच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. खड्डा नव्हता. दगड नव्हता. रस्ता तळहातासारखा सपाट होता.

असेल काहीतरी, असं म्हणून तिने चहाचा कप उचलला.

३

त्याच दिवशी तिथे आणखी तीन बगळे थांबले. बुधवारी पाच. दर वेळी तीच जागा, फूटपाथची कड, तेवढीच चौकट. दर वेळी बटण, आणि दर वेळी खाली तेच दोन शब्द.

मावशी घाबरट नव्हती. आधी तिने उन्हाला दोष दिला, मग कुंपणाच्या पत्र्याच्या चकाकीला. ढगाळ दिवशीही चौकट आली, तेव्हा तिने तंत्रज्ञाला सांगितलं. त्याने सात नंबरचे सगळे कॅमेरे पुसले, तपासले, म्हणाला, “मावशी, गाडी ठणठणीत आहे.” खरंच होतं ते. तिथून जाणारी प्रत्येक गाडी थांबत होती. एका गाडीला भ्रम होईल, अकरा गाड्यांना एकच भ्रम कसा होईल?

“मशीनला ताप आलाय,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्ही कशाला डोक्याला लावून घेता? दाबा आणि सोडा.”

तिने दाबलं आणि सोडलं. पण आता बटण दाबताना तिचं लक्ष चौकटीकडे नसायचं, खालच्या पट्टीकडे असायचं. एकोणीस वर्षं चाकामागे बसलेल्या बाईला धक्क्याधक्क्यातला फरक कळतो. खड्ड्याचा धक्का आधी खाली जातो, मग वर येतो. गतिरोधकाचा दोनदा येतो, पुढच्या चाकाला आणि मागच्या. तिने नोंदीतली रेघ उघडून पाहिली. रेघ वर गेली होती, किंचित थांबली होती आणि मऊपणे खाली आली होती. दोनदा.

असली रेघ कशाची असते, हे तिला माहीत होतं. एकदा पहाटे व्हॅन काढताना झोपलेलं कुत्रं तिला दिसलं नव्हतं. तिने पडद्यावरची ती रेघ लगेच बंद केली.

शुक्रवारी सात नंबर थांबला, त्याच क्षणी खोलीतलं नेट गेलं. सगळ्यांचे पडदे गोठले. तीन मिनिटांनी चित्र परत आलं. बगळा बिचारा तसाच उभा होता, उत्तराची वाट पाहत. मागे गाड्यांची रांग लागली होती.

चौकट फूटपाथच्या कडेला नव्हती. ती पुढे आली होती, एक-दोन पावलं.

मावशीचं बोट बटणावर होतं. ती बघत राहिली. चौकट हलत होती. इतकी हळू, जसा टक लावून पाहिल्यावर घड्याळाचा मोठा काटा हलताना दिसतो. एखादं म्हातारं माणूस, किंवा पायाने अधू, किंवा ज्याला रस्त्याचा भरवसा उरलेला नाही असं कोणी, चालेल तसं.

“मावशी,” शिफ्टप्रमुख मागून म्हणाला, “सातला सोडा ना. रांग बघा किती झाली.”

आणि तिने दाबलं. पुढे कितीतरी रात्री तिला ते बोट आठवायचं. तिचं स्वतःचं बोट, तिने काही ठरवण्याआधीच खाली गेलेलं.

हलका धक्का.

अकरा वाजता पुढचा बगळा तिथे पोहोचला. चौकट पुन्हा फूटपाथच्या कडेला होती. पहिल्यापासून सुरुवात.

४

शनिवारी सुट्टी होती. ती रिक्षा करून पाण्याच्या टाकीपाशी गेली.

रस्ता चित्रात दिसायचा त्याहून अरुंद होता. जेमतेम पाच-सहा पावलांचा. ट्रक, मोटारी, दुचाक्या एकामागून एक चालल्या होत्या, कोणीही न थांबता. फूटपाथवर एक चावीवाला छत्रीखाली बसला होता. मावशीने घराची चावी काढून त्याच्यापुढे धरली. बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं.

“इथे कधी अपघात झालाय का हो?” तिने विचारलं.

चावीवाला कानस घासत राहिला. “कधीचा विचारताय?”

“म्हणजे?”

“म्हणजे एक झाला असता तर लक्षात राहिला असता.” त्याने चावी उजेडात धरून पाहिली. “मी बसतो तेव्हापासून सहा तरी गेले. सगळे चालत जाणारे. एकीला तर मीच कडेला घेतलं. कोण, कुठली, कळलंच नाही. गाडीवाला थांबला नाही. दुपारपर्यंत तिला न्यायला कोणाची गाडी आली नाही.”

“पोलीस? पेपरवाले?”

“परवा ती पांढरी गाडी इथे नुसती उभी राहिली, तर दहा जणांनी व्हिडिओ काढले,” तो म्हणाला. “त्या दिवशी एकाने नाही काढला. बरंच झालं म्हणा.”

मावशीने रस्त्याकडे पाहिलं. कडेच्या डांबरावर तिला काहीही दिसलं नाही. पण तिथून पाऊल खाली टाकायला तिचा पाय धजला नाही. ती लांबचा वळसा घालून परतली.

घरी नवरा तिची वाट बघत जेवायचा थांबला होता. तो एका दैनिकात मुद्रितशोधक होता, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ताट वाढताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “रस्ता ओलांडताना माणूस गेला, तर किती मोठी बातमी यायची तुमच्याकडे?”

“तीन ओळी,” तो म्हणाला. “सातव्या पानावर. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेने.’ ते तीन शब्द आम्ही जुळवूनच ठेवले होते. रोज कशाला नव्याने जुळवायचे?” मग त्याने वर पाहिलं. “जागा कमी पडली, तर पहिल्या त्याच ओळी जायच्या. का गं?”

“काही नाही,” मावशी म्हणाली. “जेवा तुम्ही.”

तिने शुक्रवारपर्यंतच्या आपल्या नोंदी मनात चाळल्या. पाण्याच्या टाकीजवळ बटण दाबलं ते एकवीस वेळा.

५

सोमवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी सात नंबर थांबला. पुढे कोणी आहे का?

रस्ता धुणारी गाडी नुकतीच गेली होती. डांबर ओलं, काळंभोर चमकत होतं. कडेला गुलाबी चौकट.

मावशीने हात मांडीखाली दाबून धरले.

नव्वद सेकंदांनी तिच्या टेबलावरचा लाल दिवा लागला. शिफ्टप्रमुख आला. चांगला मुलगा होता तो, तिला घरून डबाही आणून द्यायचा कधीकधी.

“काय झालं, मावशी?”

“पादचारी आहे.”

तो वाकला. त्याने पडदा मोठा केला, लहान केला. “कुठे आहे? मला तर कोणी दिसत नाही.”

“मलाही नाही दिसत,” मावशी म्हणाली. “गाडीला दिसतंय.”

“मावशी, आत एक बाई बसल्यात, त्यांना ऑफिस गाठायचंय. मागे वीस गाड्या आहेत. लोक बघा, फोन काढून उभे आहेत. संध्याकाळी आपण टीव्हीवर असू.”

“असू दे.”

“मी दाबतो, सरका.”

तिने पहिलं बटण दाबलं. ‘पादचारी आहे’. पडद्याला लाल कड आली. आता नियमाप्रमाणे तिच्याशिवाय कोणालाही ती गाडी हलवता येणार नव्हती. शिफ्टप्रमुखाचा हात हवेतच थांबला. तो भिंतीवरच्या नियमाकडे आणि मग तिच्याकडे असा बघत राहिला, जणू घरातल्याच कोणीतरी त्याला दाराबाहेर काढून कडी घातली होती.

चौकट चालू लागली होती.

एक मिनिट. दोन. हॉर्न इतके वाढले की चष्मेवाल्याने आवाज बंद केला. मुक्या चित्रात माणसं तोंडं उघडत होती, हातवारे करत होती. गाडीतल्या बाईने काच ठोकली. चौकट चौथ्या मिनिटाला अर्ध्या रस्त्यात पोहोचली आणि तिथे थबकली. चल, मावशी मनात म्हणाली. मी आहे. चल.

तेव्हा चष्मेवाला खुर्ची सरकवून जवळ आला. “ते काय आहे?” त्याने हळूच विचारलं.

धुतलेल्या रस्त्यावर, चौकटीच्या मागे, पाण्यात ठसे पडत होते. एक चपलेचा. एक अनवाणी, पाचही बोटं उमटलेला. पुन्हा एक चपलेचा. त्यांच्यात पाणी भरून ते पुसले जात, आणि पुढे नवा उमटे.

शिफ्टप्रमुखाने ते ठसे पाहिले की नाही, कळलं नाही. पण तो मुकाट्याने शेजारची खुर्ची ओढून खाली बसला.

नवव्या मिनिटाला चौकट पलीकडे पोहोचली, कुंपणाच्या फटीशी क्षणभर उभी राहिली आणि विझली. मावशीने ‘मार्ग मोकळा’ दाबलं. सात नंबर निघाला. खालची पट्टी कोरी राहिली.

तिने श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. “गेली बिचारी,” ती म्हणाली. ‘गेली’ असं का म्हटलं, ते तिलाच कळलं नाही.

६

जेमतेम एक मिनिट गेलं असेल.

तीन नंबर थांबला. स्टेडियमजवळच्या सहापदरी रस्त्यावर. पुढे कोणी आहे का?

मग अकरा नंबर, हॉस्पिटलच्या फाटकापाशी. मग एक, मग नऊ, मग चार. मावशीच्या पडद्यावर बाराही चित्रं पिवळी झाली. चष्मेवाला आपल्या टेबलाकडे धावला. त्याचीही बारा. ओळीतल्या पुढच्या टेबलावरूनही कोणीतरी म्हणालं, “माझे सगळे थांबलेत.” कोणी आवाज चढवला नाही. खोली इतकी शांत होती की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

प्रत्येक चित्रात चौकट होती. फूटपाथच्या कडेला, दुभाजकापाशी, बसथांब्यासमोर. उंच, ठेंगण्या. कुठे दोन चौकटी एकमेकींना चिकटलेल्या, एक मोठी, एक लहान.

“सगळ्यांना कळलं,” मावशी पुटपुटली.

“काय कळलं?” शिफ्टप्रमुख म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

“आपण थांबतो, हे.” तिने एकामागून एक बाराही गाड्यांना ‘पादचारी आहे’ दिलं. लाल कडा उमटत गेल्या. चौकटी खाली उतरल्या, चालू लागल्या.

पण पाण्याच्या टाकीचा रस्ता अरुंद होता. हे रस्ते रुंद होते.

स्टेडियमपाशी, थांबलेल्या बगळ्यामागून एक निळी मोटार हॉर्न देत बाजूला निघाली आणि वेग घेऊन पुढे गेली. चौकट विझली. मोटारीच्या मागच्या चाकाने अगदी हलकी उसळी घेतली. चालवणाऱ्याने मान वळवली नाही. तो फोनवर बोलत हसत होता. हॉस्पिटलपाशी एक बस गेली. विझली. मग टेम्पो, मग मोटारसायकल, मग पुन्हा मोटार. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्या दोन चौकटी एकमेकींना चिकटून होत्या, त्यांतली मोठी आधी विझली. लहान तिथेच, रस्त्याच्या मध्यावर, उभी राहिली.

मावशी खुर्चीतून उठली. लहान चौकट उभी होती तो तिचाच रस्ता होता, तोच शाळेचा मार्ग, जिथून तिने एकोणीस वर्षं व्हॅन नेली होती. मागे पोरं गात असायची. आणि सपाट रस्त्यावर व्हॅन कधी मऊपणे उसळली, तर ती म्हणायची, दगड असेल.

७

दुपारपर्यंत चौकट विझली की गाडी सोडायची आणि पुढच्या चौकटीपाशी ती पुन्हा थांबायची, असंच चाललं. वरून आदेश आला की बिघाड आहे, सगळ्यांनी ‘मार्ग मोकळा’ दाबावं. मावशीने नकार दिला. शिफ्टप्रमुखाने तिच्या नजरेला नजर न देता सांगितलं, “काही दिवस रजा घ्या, मावशी.” ती बाहेर पडली तेव्हा तिच्या मागे, रिकाम्या खुर्चीत, कोणीतरी आधीच बसलं होतं. बटणाचा टकटक आवाज तिला जिन्यापर्यंत ऐकू आला.

दिवसाउजेडी ती फूटपाथवर उभी राहिली. पाच वाजले होते. चौपदरी रस्ता वाहत होता. समोर एक बगळा थांबला. त्याच्यापुढे काही नव्हतं. आतला प्रवासी वैतागून इकडेतिकडे बघत होता. मागे हॉर्न सुरू झाले. एका जीपने नाक बाहेर काढलं, बगळ्याला वळसा घालायला.

मावशी खाली उतरली. रस्त्याच्या मधोमध, जीपसमोर उभी राहून तिने तळहात वर केला. जीप किंचाळत थांबली.

“काय मावशी, मरायचंय का?” चालक खिडकीतून म्हणाला.

“थोडं थांबा. जातायत ते.”

“कोण?”

मागे आणखी गाड्या थांबल्या. लोक खाली उतरले, फोन वर झाले. “वेडी आहे,” कोणीतरी म्हणालं. मावशी हात वर धरून उभी राहिली. पाठीतून कळ निघत होती. आपण रिकाम्या रस्त्यावर एकट्याच उभ्या असू, ही शंका एकदा तिच्या मनात येऊन गेली, आणि खरं सांगायचं तर तसंच असावं, असं तिला मनापासून वाटलं.

तेव्हा तिच्या खाली सोडलेल्या हाताची करंगळी कोणीतरी धरली.

पकड गार होती आणि लहान. शाळेच्या फाटकापाशी, पहिल्या दिवशी पोरं धरतात तशी, घट्ट, सुटेल या भीतीने. मग पदराला मागून किंचित ओढ लागली. मग आणखी एक. मग वर केलेल्या हाताच्या कोपराला कोणीतरी, जड, थकल्यासारखं, टेकलं.

मावशीने खाली पाहिलं नाही, मागेही पाहिलं नाही. तिने पाऊल टाकलं, अगदी छोटं, बरोबरच्यांना झेपेल एवढंच.